बिनबांगडीचा हात

लालीबाई बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा ढसाढसा रडली, आणि ते रडणं नवऱ्यासाठी नव्हतं हे साऱ्या तांड्याला कळलं. नवरा हिरासिंग दमणीजवळ उभा राहून उगाच बैलांच्या वेसणीशी चाळा करत होता. बिचाऱ्याला वाटलं, जाता जाता एकदा तरी आपल्याकडे वळून पाहील. पण बाई कसली पाहते! ती सात महिन्यांचं पोट सांभाळत अंगणात बसली होती आणि तिच्या घागऱ्याच्या घेरात कोंबडीची सहा पिल्लं लोळत होती. एक तर खांद्यावर चढून तिच्या घुगऱ्या, म्हणजे गालावर लोंबणारे ते चांदीचे घोस, चोचीनं ओढत होतं. तिला न्यायला आलेला तिचा बाप दमणीत बसून हाका मारून थकला. शेवटी म्हणाला, पिल्लांनाच बसव गाडीत आणि तू राहा इथंच. तेव्हा कुठं ती उठली.

ते साल महाराष्ट्र झाला तेच. दिवाळी सरली होती, कापूस फुटला होता. बाभुळगावच्या अलीकडे दोन नाल्यांच्या बेचक्यात हा बंजाऱ्यांचा तांडा. हिरासिंगच्या पणज्यानं मीठ वाहायचे बैल नांगराला जुंपले तेव्हापासून ही माणसं तिथंच स्थिरावली. घरात बोलणं गोरबोलीत, पण ती आपल्याला कुठून कळणार? म्हणून आपण त्यांचं बोलणं आपल्या वऱ्हाडीतच ऐकू. एवढं ध्यानात ठेवा की आईला ती 'याडी' म्हणतात, आणि लालीबाई सासूलाही याडीच म्हणायची.

ती सासू म्हणजे रुपीबाई. दमणीत चढता चढता लाली तिला म्हणाली, "याडी, माया पिल्लायले सांभाळजो." बस, एवढंच. आणि दमणी दारव्ह्याच्या वाटेला लागली.

रुपीबाई घाबरून दमणीमागं चार पावलं गेली. सांभाळ म्हणे! पोरीला आणखी कोणी भेटलं नाही का?

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. तर ऐका. खेमसिंग, म्हणजे हिरासिंगचा बाप, जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. तो गेला त्या दिवशी रुपीबाईच्या दंडावरचा चुडा उतरला, हातभर बांगड्या उतरल्या, घुगऱ्या उतरल्या. उभा जन्म बांगड्यांखाली झाकलेलं कातडं पांढरंफटक उघडं पडलं. ते पुढं उन्हानं रापलं, पण मनातलं काही रापलं नाही. लग्नघरी ती मागं उभी राहायची. पेरणीच्या पहिल्या मुठीला हात लावायची नाही. कोणी तिला तसं सांगितलं होतं असं नाही. तिचं तीच सरून उभी राहायची आणि लोकही जागा करून द्यायचे.

त्यातून दोन वर्षांमागं लालीचं पहिलं पोर झालं. दिवस भरायच्या आत कळा आल्या, माहेरी न्यायला वेळच मिळाला नाही, आणि सुईण पोचायच्या आधी ते पोर पडलं ते रुपीबाईच्या ओंजळीत. तीन दिवस जगलं आणि गेलं. लाली कधी चकार शब्द बोलली नाही. माणूस बोललं तर भांडता येतं, न बोललेल्याचं काय करता? रुपीबाईनं त्या न बोलण्यात आपल्याच मनानं शब्द भरले. या रिकाम्या हातानं आधी नवरा खाल्ला, मग नातू. तिनं मनाशी गाठ बांधून टाकली होती की आता जे लेकरू येईल त्याला आपण हातात घ्यायचं नाही. लांबूनच पाहायचं आणि लांबूनच दृष्ट काढून बोटं मोडायची. आणि अशा बाईच्या स्वाधीन सून आपली जीव की प्राण पिल्लं करून गेली!

पिल्लं शेजारच्या सुखीबाईकडे द्यावीत असं तिच्या मनात आलं. सुखीबाई तिच्याच वयाची, पण नवरा हयात, हात कोपरापर्यंत भरलेले. पण सुखीबाईच्या दारात कुत्रं होतं, आणि ते कुत्रं कोंबड्यांच्या बाबतीत चांगल्या चालीचं नव्हतं. तेव्हा तीही वाट बंद झाली.

पहिल्याच संध्याकाळी तारांबळ उडाली. पिल्लं दिवसभर अंगणात फिरायची आणि दिवेलागणीला डालग्याखाली, म्हणजे त्या मोठ्या पालथ्या टोपल्याखाली जायची. लालीच्या वेळी हे सारं सोपं होतं. पिल्लं अंड्यांतून निघाल्यावर आठवड्याच्या आतच त्यांच्या आईला मुंगसानं नेलं, म्हणून लालीनंच ती वाढवली. चिंध्यांत गरम पाण्याचं गाडगं गुंडाळून त्यांना ऊब दिली, ज्वारीच्या कण्या भरवल्या. कण्या टाकायच्या आधी ती हात हलवायची. मनगटापासून दंडापर्यंत हाडाच्या बांगड्या, त्यांचा असा खळखळाट व्हायचा की पिल्लं असतील तिथून धावत यायची आणि थेट अंगावर चढायची. लालीला वाटायचं, आपण पिल्लं माणसाळवली. साऱ्या तांड्यालाही तसंच वाटायचं.

माणसाळवली कुठली! तिनं ती बांगड्यांना लावली होती.

रुपीबाई कण्यांचं वाटगं घेऊन उभी राहिली आणि "आ आ" करू लागली. पिल्लांनी माना उंचावल्या, हा कोण नवा प्राणी म्हणून पाहिलं आणि पांगली. ही पुढं गेली, ती आणखी पळाली. मग हिनं घागरा खोचला आणि मागं लागली. अहो, पिल्लाच्या मागं कधी धावू नये! एक कुंपणाच्या काट्यांत, दोन चुलीमागं, बाकीची कडब्याच्या गंजीत. हिरासिंग मदतीला आला, त्यानं पागोटं फेकून पाहिलं. शेजारची माणसं कुंपणापाशी उभी राहून हसत होती. कशीबशी पाच सापडली. सहावं गंजीत कुठं शिरलं ते कळेना, आणि अंधार पडला.

सकाळी गंजीपाशी चार पिसं होती, रानमांजराचं काम. हिरासिंग म्हणाला, एक गेलं तं गेलं, त्याचं काय एवढं.  रुपीबाईनं पिसं उचलून कुंपणाबाहेर टाकली आणि आपल्या तळहाताकडे पाहत बसली. तिला कोणी वेगळं सांगायची गरजच नव्हती.

तरी बाई हटली नाही, हे तिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिनं नाना उपाय केले. लालीची जुनी ओढणी पांघरून पाहिली. आरशांची काचोळी, म्हणजे चोळी, पिल्लांपुढं नाचवून पाहिली, तर ती आरशाच्या कवडशांनी आणखीच बिथरली. डब्यात खडे घालून वाजवले. मग एके दिवशी झाडताना खुंटीवरचं एक गाठोडं खाली पडलं आणि त्यात सापडल्या लालीच्या चार बांगड्या. दिवस राहिल्यावर लालीचे हात सुजले तेव्हा मनगटाच्या या चार रुतू लागल्या, म्हणून साबण लावून काढून ठेवलेल्या. चुडा अर्थातच तिच्या दंडावर होता, तो सवाष्ण काढत नसते.

रुपीबाईनं त्या डब्यात घातल्या आणि खळखळ केलं. पिल्लं उठली, धावत दाराशी आली. तिथं थांबून त्यांनी डब्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणखी कोणाला तरी शोधलं आणि माघारी फिरली. रुपीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंबडीच्या पिल्लानंही आपल्याला नापसंत करावं!

त्या दिवशी हिरासिंग कापसाची गाडी घेऊन यवतमाळच्या बाजाराला गेला होता. घरात कोणी नव्हतं. उन्हं कलली होती, पिल्लं कुंपणाशी घोटाळत होती, आणि वर घार फिरत होती. रुपीबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पिल्लं आत जाईपर्यंतच, असं स्वतःला सांगितलं. आणि त्या चार बांगड्या हातात सरकवल्या.

हात हलवला. खळळ.

पाचही पिल्लं उडत, धडपडत आली. मांडीवर चढली, हातावर चढली, बांगड्यांवर चोची मारू लागली. ती होती केवढीशी, तरी त्यांचा भार तिला हातावर कळत होता. एकानं मान तिच्या कोपराच्या बेचक्यात खुपसली आणि डोळे मिटले. रुपीबाई हसली. मोठ्यानं हसली, नवरा जिवंत असताना हसायची तशी, आणि हात पुन्हा हलवला. पिल्लांसाठी नव्हे, खरं सांगायचं तर स्वतःच्याच कानांसाठी.

कुंपणापलीकडे सुखीबाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. ती ओरडली नाही, हसलीही नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "रुपी, कोणाच्या जिवाच्या बांगड्या घातल्या व तू?"

रुपीबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. बांगडी असते नवऱ्याच्या जिवाची. लालीची बांगडी म्हणजे हिरासिंगच्या जिवाची. आणि ती आपण, रांडमुंड बाईनं, त्याच्या जन्मदात्या आईनं आपल्या हातात घातली! तिनं बांगड्या ओढल्या. घालताना सहज गेलेल्या त्या निघेनात. बोटाचं कातडं सोलून निघालं तेव्हा निघाल्या. पिल्लं केव्हाच पांगली होती. ती तशीच उठून तांड्याच्या तोंडाशी गेली आणि यवतमाळच्या वाटेकडे डोळे लावून उभी राहिली.

दिवस बुडाला. बाजाराला गेलेल्या बाकीच्या गाड्या आल्या, हिरासिंगची आली नाही. रुपीबाईनं सेवालाल महाराजांना साकडं घातलं, मरियामायला घातलं, वाटेत पीर होता त्यालाही घातलं. आपल्या मनातल्या मनात ती पोराला किती वेळा जाळून आली असेल ते तिचं तिलाच ठाऊक. अखेर दिवे लागल्यावर तो आला, दुसऱ्याच्या गाडीत बसून, बिडी ओढत. गाडीचा आख मोडला म्हणून गाडी सुताराकडे टाकून आला होता. आईनं धावत जाऊन त्याचं तोंड, खांदे, हात चाचपून पाहिले तेव्हा तो चक्रावला. मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

हिरासिंग हसायला लागला. "याडी, बांगडीनं जर आख मोडत असते, तं सुताराले कोण इचारते?"

तिला हसू आलं नाही. तिनं बांगड्या धुतल्या, हळदीनं पुसल्या, गाठोड्यात बांधून खुंटीवर टांगल्या आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुखीबाई आली. रात्रभर तिलाही झोप नसावी. तिनं माफी वगैरे मागितली नाही, त्या बायका माफी मागत नसत, कामाला लागत. तिनं डालगं आणून सावलीत ठेवलं, पिल्लं धरून धरून त्याखाली कोंडली आणि रुपीबाईला दंडाला धरून शेजारी बसवलं. म्हणाली, तू उभी राहतेस आणि वरून हात टाकतेस, त्यांना तू घारच वाटतेस. बस खाली. काही करू नको, नुसती बस. आणि बोलत राहा, म्हणजे तू आली-गेली त्यांना कळेल.

"काय बोलू?" रुपीबाईनं विचारलं.

"मले काय ठाऊक? माह्याशी सात वर्सात बोलली नाही ते बोल," असं म्हणून सुखीबाई कंबरेवर हात ठेवत निघून गेली.

मग सुरू झालं ते खरं काम. वेचणीहून परतल्यावर रुपीबाई डालग्याशी बसायची. पहिले काही दिवस पिल्लं पलीकडच्या कडेला दाटीवाटीनं चिकटून राहत. ती बांबूच्या फटीतून कण्या सरकवी आणि तोंड दुसरीकडे फिरवी, कारण तिच्या लक्षात आलं की टक लावून पाहिलं की ती आकसतात. बोलायला आधी शब्द सुचेनात. मग आज बेसन केलं, तेल संपलं, हिरासिंगच्या बैलाच्या खुराला जखम झाली, असलं काहीबाही. एकदा बोलता बोलता खेमसिंगचं नाव तोंडात आलं. तो कसा जेवताना भाकरीचा पापुद्रा आधी काढून तिच्या ताटात टाकायचा, हे तिनं त्या पाच पिल्लांना सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला फार बरं वाटलं, आणि पिल्लंही एव्हाना अलीकडे सरकली होती.

जुन्या गोवऱ्यांखाली उधई, म्हणजे वाळवी, असते. ती तिनं शोधून आणली आणि डालग्याची कड उचलून, तळहात जमिनीला टेकवून, त्यावर ठेवली. हात हलवायचा नाही, बोट मिटायचं नाही. पिल्लांत एक कबरी होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, स्वभावानं आगाऊ. तिनं लांबूनच एक किडा टिपला आणि पळाली. पुन्हा आली, पुन्हा पळाली. असं कितीतरी दिवस चाललं. रुपीबाईच्या गुडघ्यांना रग लागायची, पण ती उठायची नाही. तिला घाईच नव्हती. उभ्या आयुष्यात तिनं इतक्या सावकाशीनं काही केलं नव्हतं.

आणि एका दुपारी कबरी तळहातावर चढली. नखं गार होती. किडे संपले तरी ती उतरली नाही, तिथंच पिसं फुगवून बसली. त्या उघड्या, बिनबांगडीच्या हातावर. रुपीबाईला रडू कोसळलं, पण हलायची सोय नव्हती, म्हणून ती न हलता रडली.

एक आली की बाकीच्यांना धीर येतो. थंडी पडायच्या सुमाराला डालगं पुन्हा उघडं राहू लागलं. संध्याकाळी रुपीबाई अंगणात फतकल मारून बसे, हळूच "आ रे, आ रे" म्हणे, आणि पाचही जण निवांत चालत येत. तिच्या मांडीवरून चालतच डालग्याखाली जात. हिरासिंग म्हणायचा, याडीनं शाळा उघडली.

पौषात रहमत आला. हा बाभुळगावचा अंडीवाला, सायकलीला दोन्हीकडे करंड्या लावून तांड्यातांड्यांतून फिरायचा, आणि अंड्यांबरोबर बातम्याही न फोडता पोचवायचा. लालीच्या माहेरचा कोणी त्याला बाजारात भेटला होता. सायकल टेकवायच्या आधीच तो म्हणाला, "मौसी, गूळ काढा. पोट्टी झाली. दोघी बऱ्या हाएत."

रुपीबाईनं त्याच्या हातावर गुळाचा एवढा मोठा खडा ठेवला की तो लाजला. हिरासिंग त्याच दिवशी सासुरवाडीला निघाला आणि आईला चल म्हणाला. ती म्हणाली, पिल्लं कोण पाहील? तो म्हणाला, सुखीकाकी पाहील. ती म्हणाली, तिचं कुत्रं. खरं कारण कुत्रं नव्हतं हे हिरासिंगला ठाऊक होतं, पण आईपुढं तो कधी फार लांबवत नसे. तो एकटाच गेला. रुपीबाई त्या रात्री भाकरी न खाता झोपली, उगाच आपला उपास, नातीच्या नावानं.

होळी झाली आणि लाली आली. दमणी तांड्यात शिरली तशा सगळ्या बायका धावल्या. सुखीबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकराच्या पायांवर पाणी घातलं. मग पोर या हातातून त्या हातात फिरू लागलं. कोणी नाक बापाचं म्हणालं, कोणी कान आईचे. रुपीबाई भिंतीला टेकून लांबून पाहत होती. केवढं जावळ! खेमसिंगसारखी हनुवटी. पाहून पाहून तिचे डोळे भरत होते. फिरता फिरता पोर तिच्यापर्यंत आलं, सुखीबाईनं पुढं केलं, तेव्हा रुपीबाई चुलीवरचं दूध उतू जातंय असं काहीतरी पुटपुटून आत निघून गेली. चुलीवर दूध नव्हतंच. लालीनं ते पाहिलं. बोलली मात्र काही नाही. तिचं ते न बोलणं रुपीबाईला पाठीत लागलं.

बायका पांगल्या, हिरासिंग बैल सोडायला गेला. लाली पोरीला घेऊन अंगणात आली. "माये पिल्लं कुठी हाएत?" म्हणाली आणि मोकळा हात उंच करून जोरात हलवला. खळळ, खळळ.

पिल्लं कसली, आता चांगल्या तलंगा झाल्या होत्या, एकाला तर तुरा फुटला होता. त्या आवाजानं पाचही दचकली आणि फडफडत गंजीकडे पळाली. लालीनं पुन्हा हात हलवला. कबरीनं मान वर करून पाहिलं आणि आणखी दोन पावलं मागं सरली.

लालीचा चेहरा पार उतरला. एवढं लेकरू छातीशी धरलेली बाई, पण ओठ लहान मुलीसारखे थरथरू लागले. दारातून पाहणाऱ्या रुपीबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सुनेनं विश्वासानं सोपवलेला जीव तिनं एक तर मांजराच्या तोंडी दिला, आणि उरलेले पाच सुनेला परके करून टाकले.

"म्याच नासवलं सारं," ती बाहेर येत म्हणाली. एक मेलं तेही सांगून टाकलं. "माया हाताले तुया बांगड्यायचा आवाज कुठून येणार होता? म्या माया परीनं केलं." मग घाईघाईनं म्हणाली, "उभी राहू नको. बस खाली, मंग येतीन. ह्या कण्या घे, हात भुईले टेकव. बांगड्या वाजू देऊ नको."

लाली बसायला लागली. पण छातीशी पोर, एका हातानं बांगड्या दाबून धरायच्या, दुसरा जमिनीला टेकवायचा, हे जमणार कसं? तिनं एकदा प्रयत्न केला, बांगड्या खळकल्या, तलंगा आणखी दूर गेल्या. लाली वैतागली. तिनं डोळे गंजीवरून न काढता पोरीला उचललं आणि मागं सासूकडे केलं. "धर व हिले."

लेकरू असं अधांतरी पुढं आल्यावर विचार कोण करतं? रुपीबाईचे हात आपसूक पुढं झाले. पोरगी त्यांत आली. आली तेव्हा रुपीबाईला कळलं. किती ऊन अंग होतं ते! किती जड! दुपट्यातून दुधाचा वास येत होता. तिनं हात ताठ, अंगापासून लांब धरले, जणू तेवढ्यानं काही वाचणार होतं.

"लाली," ती कशीबशी म्हणाली, "घे हिले. माया हात चांगला नाही. तुले ठाऊक हाय."

लालीनं मागं पाहिलं नाही. ती जमिनीवर वाकली होती, तळहात उताणा, बांगड्या दुसऱ्या हातानं आवळून. "हळू बोल याडी," ती म्हणाली. "भेऊन राह्यल्या त्या."

 मग तशीच, पाठमोरी, लाली बोलू लागली. इतक्या हळू की कोंबड्यांनी बिचकू नये.

"पयल्याच्या टायमाले मी तापानं फणफणत होती. मले मान उचलता येत नव्हती. तीन दिवस, तीन राती ते तुया मांडीवर होतं. तू जेवली नाही, झोपली नाही, मले सारं दिसत होतं. गेलं तेबी तुया मांडीवरच गेलं. एकटं नाही गेलं ते, याडी. मले तेवढाच आधार हाय. मी तुले कधी सांगतलं नाही, काहून का त्याचं नाव काढलं का माया गळा दाटते."

रुपीबाई उभी होती ती खाली बसली. ताठ धरलेले हात कधी दुमडले ते तिला कळलं नाही. पोरीनं झोपेत तोंड वेडंवाकडं केलं, मूठ बाहेर काढली आणि तिच्या उघड्या मनगटावर ठेवली. पाणी डोळ्यांतून वाहू लागलं ते तिनं पुसलं नाही, पुसायला हात मोकळा नव्हता.

कबरी लालीच्या हातापर्यंत यायला उन्हं पार उतरली. आली, एक कणी टिपली, थोडं थांबून दुसरी टिपली. लालीला कोण आनंद झाला! ती सावकाश उठली आणि सासूपुढं दोन्ही हात पसरून म्हणाली, "आली व याडी, आली! दे आता माही पोट्टी."

रुपीबाईनं तिच्या हातांकडे पाहिलं. मातीचे, कण्यांचे, कोंबडीच्या शिटेचे हात. तिनं पोरीला छातीशी आणखी आवळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"त्या हातानं लेकराले शिवतं? जाय, हात धुवून ये आंधी."

लाली हसत रांजणाकडे गेली. हात धुतले, पुसले, येऊन शेजारी बसली. तरी रुपीबाईनं पोरगी लगेच काही दिली नाही.